मिसिसिपी डेल्टातील बालमृत्यू आणि वर्णरेषा

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या वायव्येस, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या सपाट, गाळाच्या सुपीक प्रदेशाला तेथील लोक ‘डेल्टा’ म्हणतात, जरी हा प्रदेश नदीच्या मुखाशी नसून समुद्रापासून बराच आत आहे. या प्रदेशातील बोलिव्हर काउंटी, म्हणजे आपल्याकडील लहानशा जिल्ह्याएवढा प्रशासकीय विभाग, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापसाच्या मोठ्या मळ्यांसाठी प्रसिद्ध होती, आणि या मळ्यांवर बटाईने जमीन कसणारी किंवा रोजंदारीने राबणारी बहुसंख्य कुटुंबे पूर्वीच्या गुलामांच्या वंशातील, कृष्णवर्णीय होती. बटाईदाराला बी-बियाणे, अन्नधान्य आणि कपडालत्ता मळ्याच्याच दुकानातून उधारीवर मिळे आणि हंगामाच्या अखेरीस हिशेब झाल्यावर त्याच्या हाती रोख रक्कम फारशी उरत नसे. डेल्टातील बालमृत्यूंचा इतिहास समजून घेताना रोख पैशाचा हा अभाव सतत ध्यानात ठेवावा लागतो, कारण डॉक्टर, औषध आणि रुग्णालयातील खाट या तिन्ही गोष्टी तेथे दीर्घकाळ रोखीनेच मिळत होत्या.

बालमृत्यूंची तुलना करण्यासाठी सर्वसाधारणपणे अर्भक मृत्युदर हे माप वापरले जाते. दर हजार जिवंत जन्मांमागे वयाचे पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी किती बालके दगावतात, हे त्यातून कळते. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूंना नवजात मृत्यू आणि त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंतच्या मृत्यूंना नवजातोत्तर मृत्यू असे म्हणतात. हा भेद वरवर पाहता तांत्रिक वाटतो, परंतु पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे, कारण पहिल्या प्रकारचे मृत्यू बहुतांशी अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जन्मतःच कमी असलेले वजन आणि प्रसूतीच्या वेळची गुंतागुंत यांमुळे होतात, तर दुसऱ्या प्रकारचे मृत्यू मुख्यतः अतिसार, न्यूमोनिया आणि कुपोषण यांमुळे, म्हणजे घर, पाणी, अन्न आणि वेळेवर न मिळालेले उपचार यांमुळे होतात. 1965 साली संपूर्ण अमेरिकेत गोऱ्या अर्भकांचा मृत्युदर 21.5 होता, तर गौरेतर अर्भकांचा, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होती, 40.3 होता, ग्रामीण दक्षिणेतील स्थिती या राष्ट्रीय सरासरीहूनही वाईट होती.

या तफावतीचे कारण काय, हा वाद जुना आहे. 1896 साली प्रुडेन्शियल या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी असे प्रतिपादन केले, की कृष्णवर्णीयांचे अधिक मृत्युमान त्यांच्या वंशाच्या जन्मजात दुर्बलतेमुळे आहे आणि मुक्तीनंतर हा समाज हळूहळू नष्ट होत जाईल. या ‘शास्त्रीय’ निष्कर्षामागे कृष्णवर्णीयांना विमा नाकारण्याचा व्यावसायिक हेतूही होता, हे विसरता येत नाही. समाजशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस यांनी 1899 साली फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि 1906 साली अटलांटा विद्यापीठाच्या वतीने आरोग्यावरील स्वतंत्र ग्रंथ संपादित केला. मृत्युदर वंशाप्रमाणे नव्हे तर राहणीमानाप्रमाणे बदलतो, परिस्थिती सुधारली की तो उतरतो, ही त्यांची भूमिका होती. या दोन भूमिकांपैकी कोणती खरी, याची कसोटी ग्रंथांतून लागणे शक्य नव्हते. ती साठ वर्षांनी बोलिव्हरसारख्या काउंट्यांमध्ये लागली.

तत्पूर्वी या काउंटीने राजकीय सत्तेचा एक अल्पकाळही पाहिला होता. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात पूर्वीचे गुलाम ब्लँच ब्रूस हे बोलिव्हरचे शेरीफ होते आणि पुढे 1875 ते 1881 या काळात ते अमेरिकी सिनेटचे सदस्य होते. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला, तो नेमका हाच आशेचा काळ होता. ती आशा टिकली नाही. मिसिसिपीच्या 1890 च्या राज्यघटनेने मतदान-कर आणि वाचन-चाचणी यांच्या आडून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला, आणि त्या घटना-परिषदेतील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य आयझाया माँटगोमेरी यांनी या तरतुदीला पाठिंबा दिला. हेच माँटगोमेरी 1887 साली आपले चुलतबंधू बेंजामिन ग्रीन यांच्यासह बोलिव्हर काउंटीत माउंड बायू हे संपूर्णपणे कृष्णवर्णीयांचे गाव वसवणारे संस्थापक होते. आपले गाव निर्धोक राहावे म्हणून त्यांनी समाजाचा हक्क सोडला, असा अर्थ त्यांच्या कृतीचा लावला जातो आणि तो फारसा चुकीचा नसावा. आरोग्यावरील सार्वजनिक खर्च ठरवणारी मंडळे यापुढे केवळ गोऱ्यांच्या हाती राहिली.

अशा स्थितीत बालकांचा जन्म आणि त्यांची गणना या दोन्ही गोष्टी सुइणींवर अवलंबून होत्या. मिसिसिपीमध्ये 1920 च्या दशकाच्या प्रारंभी चार हजारांहून अधिक सुइणी होत्या. त्यांपैकी जवळजवळ सर्वच कृष्णवर्णीय, बहुतेक वयस्क होत्या आणि त्यांना ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई असे संबोधले जाई. 1921 साली अमेरिकी काँग्रेसने माता व अर्भकांच्या आरोग्यासाठी संघराज्याचा निधी प्रथमच देणारा शेपर्ड-टाउनर कायदा संमत केला आणि त्या पैशातून राज्याच्या आरोग्य मंडळाने सुइणींची नोंदणी व प्रशिक्षण सुरू केले. परिचारिका त्यांच्या नियमित बैठका घेत, प्रत्येकीची पिशवी उघडून पाहत, कात्री उकळली आहे का, नाळेसाठी स्वच्छ पट्ट्या आहेत का, नवजाताच्या डोळ्यांत घालण्याचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब आहेत का, याची तपासणी करत आणि पांढरा एप्रन व टोपी घालण्याची सक्ती करत. या देखरेखीत तुच्छतेचा भाग मोठा होता, कारण मृत्युदराचा दोष सुइणींच्या अज्ञानावर टाकणे हे डॉक्टर आणि रुग्णालये पुरवण्यापेक्षा स्वस्त पडत असे. तरीही या व्यवस्थेचा एक परिणाम दूरगामी ठरला. मिसिसिपीचा समावेश राष्ट्रीय जन्मनोंदणी क्षेत्रात, म्हणजे विश्वासार्ह जन्मनोंद ठेवणाऱ्या राज्यांच्या यादीत, 1921 साली झाला आणि मळ्यांवरील जन्मांचे दाखले भरून देण्याचे काम प्रामुख्याने याच सुइणींनी केले. जन्मांची नोंद नसेल तर मृत्युदर काढताच येत नाही. डेल्टातील तफावत कागदावर सिद्ध करता आली, यामागे या स्त्रियांचे श्रम होते, आणि त्यांपैकी कित्येकींना स्वतःला धड लिहिता-वाचता येत नव्हते.

शेपर्ड-टाउनर कायदा 1929 साली संपुष्टात आला. पुढील मोठे पाऊल सरकारने नव्हे तर लोकांनीच वर्गणी काढून उचलले. ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबर’ ही कृष्णवर्णीयांची परस्पर-साहाय्य संस्था होती; सभासदांनी नियमित थोडीथोडी वर्गणी भरावी आणि आजारपणात वा मृत्यूनंतर त्यांना किंवा कुटुंबाला मदत मिळावी, असे अशा संस्थांचे स्वरूप असे. या संस्थेचे मिसिसिपीतील प्रमुख पेरी स्मिथ यांच्या पुढाकाराने 1942 च्या फेब्रुवारीत माउंड बायू येथे एक लाख डॉलरहून अधिक खर्च करून 42 खाटांचे टेबोरियन रुग्णालय उभे राहिले. प्रारंभीच्या काळात वर्षाला 8.40 डॉलर वर्गणी भरणाऱ्या प्रौढ सभासदाला 31 दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार मिळत, त्यांत शस्त्रक्रियाही अंतर्भूत असे. पहिले मुख्य शल्यचिकित्सक थिओडोर हॉवर्ड यांचे संस्थेशी मतभेद झाल्यावर त्यांनी प्रतिस्पर्धी संस्थेच्या मदतीने त्याच गावात दुसरे रुग्णालय काढले, आणि नॅशव्हिलच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयाने टेबोरियनला शल्यचिकित्सक पुरवण्यास प्रारंभ केला. एका लहानशा गावात दोन रुग्णालये आणि त्यांची परस्परांशी चढाओढ, हे चित्र थोडे विनोदी वाटेल. परंतु मागील दाराने आत न शिरता पुढील दाराने प्रवेश करता येईल अशी रुग्णालये डेल्टातील कृष्णवर्णीयांसाठी जवळजवळ एवढीच होती. अन्यत्र त्यांना तळघरातील वेगळा कक्ष मिळे, किंवा दाखल करून घेण्यापूर्वी आगाऊ रोख रक्कम मागितली जाई. गोऱ्यांच्या रुग्णालयांविषयी आणखी एक भीती होती, ती अनुमतीवाचून केल्या जाणाऱ्या नसबंदीची; शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीतील नागरी हक्क चळवळीच्या नेत्या फॅनी लू हेमर यांच्यावर 1961 साली अशीच शस्त्रक्रिया झाली होती.

रुग्णालयांतील वर्णभेदाला कायद्याचेच पाठबळ होते. रुग्णालये बांधण्यासाठी संघराज्याचा निधी देणाऱ्या 1946 च्या हिल-बर्टन कायद्यात ‘वेगळी परंतु समान’ सोय असल्यास भेदभाव चालेल, अशी तरतूद होती. उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथील कृष्णवर्णीय डॉक्टर, दंतवैद्य व रुग्णांनी लढलेल्या सिम्किन्स खटल्यात 1963 साली ही तरतूद घटनाबाह्य ठरली. 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने संघराज्याचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वर्णभेद करण्यास मनाई केली. परंतु केवळ मनाईने दक्षिणेतील रुग्णालये बदलली असती, असे मानण्यास आधार नाही. ती बदलली ती पैशामुळे. 65 वर्षांवरील नागरिकांच्या उपचारांचा खर्च उचलणारी मेडिकेअर ही विमा योजना 1 जुलै 1966 रोजी अंमलात येणार होती, आणि या योजनेचे पैसे हवे असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला खोल्या, कक्ष, उपाहारगृह आणि डॉक्टरांना काम करण्याची परवानगी यांत वर्णावरून भेद होत नसल्याची खात्री सार्वजनिक आरोग्य सेवेच्या निरीक्षकांना पटवून द्यावी लागणार होती. मिसिसिपीतील अनेक रुग्णालयांनी टाळाटाळ केली, आणि काहींना मान्यता मिळण्यास 1960 च्या दशकाची अखेर उजाडली.

वृद्धांसाठी केलेल्या या योजनेचा सर्वांत मोठा लाभ ज्यांचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता अशा तान्ह्या बाळांना झाला, ही या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. डग्लस आमंड, केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी मिसिसिपीतील काउंट्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की 1965 नंतरच्या पाच-सहा वर्षांत कृष्णवर्णीय अर्भकांचे नवजातोत्तर मृत्यू एकदम घटले, ही घट प्रामुख्याने अतिसार आणि न्यूमोनिया यांच्या मृत्यूंत होती, आणि तिचा काळ त्या त्या ठिकाणच्या रुग्णालयाला मेडिकेअरची मान्यता मिळाल्याच्या काळाशी जुळत होता. गोऱ्या अर्भकांच्या मृत्यूंत असा बदल झाला नाही. अतिसाराने शरीरातील पाणी झपाट्याने घटलेल्या बाळाला शिरेतून द्रव मिळाले तर ते काही तासांत सावरते, न मिळाले तर दगावते. औषधविज्ञानात त्या पाच वर्षांत अशी कोणतीही क्रांती झाली नव्हती, की जिने हा फरक घडवावा. शिरेतून द्रव देण्याची पद्धत आणि प्रतिजैविके दोन्ही आधीपासून उपलब्ध होती, फक्त ती ज्या इमारतीत होती तिचे दार बंद होते. हॉफमन यांच्या सिद्धान्ताला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

दार उघडले तरी आजार ज्या घरांत जन्म घेत होता ती घरे तशीच होती. 1960 च्या दशकात कापूस वेचणारी यंत्रे आणि तणनाशके यांनी मजुरांची गरज कमी केली, आणि 1967 च्या फेब्रुवारीपासून शेतमजुरांना ताशी एक डॉलर किमान वेतन लागू झाल्यावर मळेमालकांनी उरलेल्यांनाही मोठ्या प्रमाणावर काढून टाकले. त्याच सुमारास अनेक काउंट्यांनी अतिरिक्त धान्याचे मोफत वाटप थांबवून अन्नकुपने सुरू केली. ही कुपने सवलतीची असली तरी रोख देऊन विकत घ्यावी लागत, आणि ज्यांचे उत्पन्नच शून्यावर आले होते त्यांना ती परवडत नव्हती. 1967 च्या एप्रिलमध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी आणि जोसेफ क्लार्क बोलिव्हर काउंटीतील क्लीव्हलंड गावाच्या परिसरात आले आणि फुगलेल्या पोटांची उपाशी मुले त्यांनी प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा या भुकेला राष्ट्रीय वृत्तपत्रांत जागा मिळाली. त्याच वर्षी फील्ड फाउंडेशनने पाठवलेल्या डॉक्टरांच्या पथकाने मिसिसिपीतील मुलांच्या कुपोषणाचा अहवाल दिला.

याच पार्श्वभूमीवर माउंड बायू येथे एक वेगळ्या धर्तीचे आरोग्य केंद्र सुरू झाले. त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेत होते. नाताल प्रांतातील फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने 1940 साली झुलू वस्तीत असे केंद्र उभारले होते, की जेथे रुग्णावर उपचार करण्याबरोबरच त्या वस्तीतील पाणी, शौचकूप, भाजीपाला आणि माता-बालकांचा आहार यांवरही तेवढेच लक्ष दिले जाई. जॅक गायगर हे अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थी 1957 साली तेथे काही महिने राहून शिकले. वर्णभेदी राजवटीने पुढे ते काम बंद पाडले. परंतु गायगर यांनी 1964 च्या उन्हाळ्यात नागरी हक्क कार्यकर्त्यांना वैद्यकीय मदत देण्यासाठी मिसिसिपीत काम केल्यावर फोलेलाचा नमुना डेल्टात आणण्याचा प्रस्ताव मांडला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यनिर्मूलन मोहिमेतील आर्थिक संधी कार्यालयाने 1965 साली त्यांना आणि काउंट गिब्सन यांना बॉस्टन व मिसिसिपी अशा दोन ठिकाणांसाठी टफ्ट्स विद्यापीठामार्फत अनुदान दिले. बॉस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठ दूरवरच्या मिसिसिपीत दवाखाना का चालवत होते, याचे उत्तर कायद्यात आहे: दारिद्र्यनिर्मूलनाचा निधी राज्यपालाला नकाराधिकाराने अडवता येई, मात्र तो उच्च शिक्षणसंस्थेमार्फत दिल्यास अडवता येत नसे.

1967 च्या नोव्हेंबरमध्ये काम सुरू झालेल्या टफ्ट्स-डेल्टा आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात उत्तर बोलिव्हरमधील सुमारे 500 चौरस मैलांचा प्रदेश आणि 14,000 गरीब कृष्णवर्णीय लोक होते. समाजसंघटक जॉन हॅच यांनी गावोगाव बैठका घेऊन दहा स्थानिक आरोग्य मंडळे उभी केली आणि लोकांना त्यांची प्राथमिक गरज विचारली. उत्तरांत दवाखान्यापेक्षा अन्न, काम आणि घर यांचा उल्लेख अधिक होता. म्हणून केंद्राच्या पर्यावरण विभागाने अँड्र्यू जेम्स यांच्या देखरेखीखाली विहिरी व कूपनलिका खोदल्या, शौचकूप बांधले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि गळकी घरे दुरुस्त केली. ज्या बाळांना वारंवार अतिसार होई त्यांच्या घरचे पाणी तपासणे हा उपचाराचाच भाग मानला गेला. कुपोषित मुलांसाठी डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून देऊ लागले, गावातील कृष्णवर्णीय दुकानदार तो माल देत आणि बिल केंद्राच्या औषधालयाकडे पाठवत. वॉशिंग्टनहून आलेल्या अधिकाऱ्यांनी औषधांच्या तरतुदीतून किराणा भरल्याबद्दल आक्षेप घेतला, तेव्हा गायगर यांनी असे उत्तर दिले, की वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकानुसार कुपोषणावरील नेमका उपचार अन्न हाच आहे. आक्षेप मागे पडला. 1968 साली सुमारे 900 कुटुंबांची नॉर्थ बोलिव्हर काउंटी कृषी सहकारी संस्था स्थापन झाली आणि ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या केवळ कापूस पिकला होता तेथे घेवडा, वाटाणा, रताळी, भेंडी आणि पालेभाज्या यांची लागवड होऊन सभासदांना श्रमाच्या मोबदल्यात भाजीपाला मिळू लागला.

या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे, कारण केंद्राच्या गौरवपर वर्णनांत ती सहसा येत नाही. 1967 साली गावातील दोन्ही जुनी रुग्णालये एकत्र करून संघराज्याच्या अनुदानावर चालणारे माउंड बायू सामुदायिक रुग्णालय स्थापन झाले, तेव्हा पंचवीस वर्षे वर्गणीवर रुग्णालय चालवणाऱ्या टेबोरियन संस्थेच्या हातून त्याचा कारभार गेला. अनुदान आटल्यावर ते रुग्णालय 1983 साली बंद पडले, आणि तोपर्यंत वर्गणीची जुनी व्यवस्थाही मोडून गेली होती. सुइणींचेही तसेच झाले. प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्यावर राज्याने त्यांना हळूहळू निवृत्त केले, परंतु त्यांच्याबरोबर गेलेला घरोघरचा संबंध दुसऱ्या कोणत्याही पदाने भरून काढला नाही. याच काळात, 1970 साली, अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नेमकी उलट वाट धरली आणि गावातील अल्पशिक्षित, अनेकदा दलित स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केलेल्या लोकाधारित आरोग्यकार्याच्या उदाहरणांत जामखेडचा समावेश झाला. डेल्टामध्ये असा विचार झाला असता तर सुइणींची पिढी वाया गेली नसती, असे म्हणता येते.

माउंड बायूचे केंद्र ‘डेल्टा हेल्थ सेंटर’ या नावाने आजही सुरू आहे आणि त्या नमुन्यावरील सुमारे 1,400 संस्था देशभरात तीन कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात. तफावत मात्र मिटली नाही. तिने जागा बदलली. अतिसार-न्यूमोनियाचे मृत्यू ओसरल्यावर अर्भकमृत्यूंचा भार पहिल्या 28 दिवसांकडे, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांकडे सरकला, आणि येथे कृष्णवर्णीय व गोऱ्यांच्या दरांतील दुपटीचे प्रमाण टिकून राहिले. येथेही वंशाचा जुना तर्क पुन्हा डोके वर काढतो. परंतु रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी 1997 साली इलिनॉय राज्यातील जन्मनोंदींवरून दाखवले, की आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे वजन अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांपेक्षा गोऱ्यांच्या बाळांच्या अधिक जवळ असते. रक्त हे कारण असते तर असे घडले नसते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती टाळण्यासाठी स्त्रीचे आरोग्य गर्भधारणेच्या कित्येक वर्षे आधीपासून जपावे लागते, आणि त्यासाठी रुग्णालयाचे दार उघडे असणे पुरेसे ठरत नाही.

2022 साली डेल्टातील ग्रीनव्हिल येथील रुग्णालयाचा नवजात अतिदक्षता कक्ष बंद झाला. 2024 मध्ये मिसिसिपीचा अर्भक मृत्युदर हजारी 9.7 इतका वाढल्यावर राज्याच्या आरोग्य विभागाने 2025 च्या ऑगस्टमध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि प्रसूतिसेवा नसलेल्या भागांत ती सुरू करणे, काउंटीच्या दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी वाढवणे व सामुदायिक आरोग्यसेवकांचे जाळे बळकट करणे असे उपाय हाती घेतले. प्रसूतीनंतर वर्षभर शासकीय आरोग्य विम्याचे संरक्षण देण्यास राज्याने 2023 साली मान्यता दिली होती. परंतु 2010 च्या आरोग्य कायद्याने देऊ केलेला गरीब प्रौढांसाठीचा मेडिकेड विमा-विस्तार त्याने अद्याप स्वीकारलेला नाही, त्यामुळे अल्प उत्पन्नाच्या अनेक स्त्रिया गर्भवती होईपर्यंत विम्याच्या बाहेरच राहतात.